गाण्याने शाळा वाचते का? ‘सिस्टर ॲक्ट २’ आणि संशोधन-प्रश्नाची फोड

‘संगीत शिक्षणाचा विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासावर होणारा परिणाम : एक अभ्यास.’

या धाटणीचं शीर्षक तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असणार. संगीताच्या जागी योग, वाचन, क्रीडा, मोबाइल यांपैकी काहीही घाला, साचा तोच राहतो. पीएचडीची तयारी करणाऱ्या अनेकांच्या पहिल्या सिनॉप्सिसवर असंच शीर्षक असतं. विषय चांगला असतो, तळमळही खरी असते. पण आरआरसीसमोर बसलं की पहिलाच प्रश्न येतो : ‘परिणाम म्हणजे नक्की काय? कोणावर? आणि कशाच्या तुलनेत?’ इथे बहुतेकांची गाडी अडते.

आजच्या लेखात हे तीन प्रश्न आपण एका विनोदी सिनेमावर चालवून बघू. सिनेमा आहे १९९३ चा ‘सिस्टर ॲक्ट २ : बॅक इन द हॅबिट’. सिनेमाच का? कारण वरच्या शीर्षकात जो दावा दडलेला आहे, तोच दावा हा सिनेमा दीड-पावणेदोन तासांत गाऊन, हसवून आपल्या गळी उतरवतो. शेवटी आपण टाळ्या वाजवतो आणि दावा तपासायचा राहूनच जातो.

आधी गोष्ट

पहिला ‘सिस्टर ॲक्ट’ १९९२ चा. रीनो शहरातली क्लब-गायिका डेलोरिस एका खुनाची साक्षीदार होते. पोलिस तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कॉन्व्हेंटमध्ये नन म्हणून लपवून ठेवतात आणि ती तिथल्या बेसूर गायनवृंदाला सुरात आणते. व्हूपी गोल्डबर्गचा हा सिनेमा जगभर तुफान चालला. साहजिकच दुसरा भाग आला, दिग्दर्शक बिल ड्यूक.

दुसऱ्या भागात तिच्या ओळखीच्या नन्स सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सेंट फ्रान्सिस या कॅथलिक शाळेत शिकवतायत. मुलं ऐकत नाहीत, शाळा मोडकळीला आलीय. डेलोरिस याच शाळेची माजी विद्यार्थिनी. नन्स तिला पुन्हा ‘सिस्टर मेरी क्लॅरेन्स’ बनून यायला लावतात. तिच्या वाट्याला येतो संगीताचा तास, जो मुलांच्या मते काही न करता पास होण्याचा तास. लवकरच कळतं की शाळा वर्षअखेरीस बंद होणार आहे आणि प्रशासक मिस्टर क्रिस्प यांना ते झालेलंच हवंय. मग गायनवृंद उभा राहतो, लॉस एंजेलिसची स्पर्धा ठरते, गाण्याला आईचा विरोध असलेली रीटा आईची खोटी सही करून निघते, वृंद जिंकतो. प्रेक्षकांत बसलेले चर्चचे वरिष्ठ प्रभावित होतात आणि शाळा वाचते.

समीक्षकांनी हा भाग फारसा उचलून धरला नाही, कमाईही पहिल्यापेक्षा बरीच कमी झाली. तरी पुढे त्याचा स्वतःचा असा चाहतावर्ग तयार झाला. त्याचं एक मोठं कारण म्हणजे रीटाच्या भूमिकेतली लॉरिन हिल.

एक दावा की चार?

‘संगीताने शाळा वाचवली.’ वाक्य एक आहे. पण सिनेमा बारकाईने बघितला तर त्यात निदान चार वेगळी विधानं एकमेकांत मिसळलेली आहेत :

१. संगीत शिकल्याने मुलांची बुद्धी किंवा अभ्यास सुधारतो.
२. संगीत शिकल्याने मुलांचं वागणं सुधारतं, वर्ग एकत्र येतो.
३. स्पर्धा जिंकल्याने बंद पडणारी शाळा चालू राहते.
४. शाळा चालू राहणं आसपासच्या वस्तीसाठी चांगलं असतं.

पहिल्या दोन विधानांत आपण मुलांकडे बघतोय, तिसऱ्यात संस्थेकडे, चौथ्यात वस्तीकडे. संशोधनाच्या भाषेत याला ‘विश्लेषणाचं एकक’ म्हणतात. एकक बदललं की माहिती गोळा करायची पद्धत बदलते, नमुना बदलतो, तुलनाही बदलते. शंभर मुलांना प्रश्नावली भरायला देऊन तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, कारण तिथे एकक ‘शाळा’ आहे आणि तुमच्याकडे शाळा एकच आहे. म्हणजे मुलं शंभर असली तरी नमुना एकचा!

सिनेमाला हे चारही धागे एका समेवर आणून सोडता येतात. आपल्याला ते सुटे करावे लागतात. एकेक घेऊ.

प्रश्न पहिला : गाण्याने डोकं तल्लख होतं का?

योगायोग बघा. सिनेमा अमेरिकेत डिसेंबर १९९३ मध्ये आला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात एक पानभर मजकूर छापून आला. फ्रान्सेस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन काय यांनी ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोत्झार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली. नंतर आकार-जागेशी संबंधित कोडी सोडवायला दिली. शांत बसलेल्या किंवा शिथिलीकरणाच्या सूचना ऐकलेल्या स्थितीपेक्षा मोत्झार्टनंतरचे गुण ८-९ बुद्ध्यंकांइतके जास्त निघाले. परिणाम टिकला १०-१५ मिनिटं.

पुढे काय झालं ते संशोधन करणाऱ्याने लक्षात ठेवावं असं आहे. ‘३६ कॉलेज विद्यार्थी, एक प्रकारची कोडी, पंधरा मिनिटं’ याचं लोकांच्या तोंडी ‘मोत्झार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’ असं रूपांतर झालं. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची भेट देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. मूळ प्रयोगात एकही बाळ नव्हतं. २०१० मध्ये याकोब पिट्शनिग आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४० अभ्यास आणि ३,००० हून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली. मोत्झार्टची म्हणून काही खास जादू त्यांना आढळली नाही. मन उत्तेजित करणारं दुसरं काहीही ऐकलं तरी साधारण तसाच तात्पुरता फायदा दिसतो.

इथे एक फरक पक्का करून घ्या. गाणं ऐकणं वेगळं, गाणं शिकणं वेगळं. सेंट फ्रान्सिसची मुलं शिकतायत. मग शिकण्यावरचा अभ्यास बघायला हवा.

ग्लेन शेलनबर्ग यांचा २००४ चा प्रयोग नमुनेदार आहे. टोरांटो परिसरातली सहा वर्षांची १४४ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने चार गट पाडले : एक कीबोर्ड, दुसरा गायन, तिसरा नाटक, चौथ्याला त्या वर्षी काहीच नाही. ३६ आठवडे शिकवणी. वर्षअखेरीस बुद्ध्यंक चारही गटांचा वाढला होता, कारण मुलं त्याच वर्षी पहिलीत गेली होती! संगीताच्या गटांची वाढ सुमारे ७ गुण, बाकीच्यांची सुमारे ४.३. म्हणजे संगीताच्या खात्यावर जमा होतात तीनाहूनही कमी गुण.

समजा शेलनबर्गकडे फक्त संगीताचे गट असते. त्यांनी ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजलं असतं आणि पूर्ण ७ गुणांचं श्रेय संगीताला दिलं असतं. आपल्याकडच्या अनेक लघुप्रबंधांत नेमकं हेच होतं : पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, आणि ‘उपक्रम परिणामकारक ठरला’. मुलं वर्षभरात तशीही वाढतात, शाळेत इतर तासही होतात, तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की हात बसलेला असतो. तुलनेचा गट नसेल तर यातलं किती आपोआप झालं ते सांगता येत नाही.

आणि नाटकाचा गट कशाला ठेवला? कारण ‘काहीच नाही’ याच्याशी तुलना करून प्रश्न अर्धाच सुटतो. नवीन शिक्षक आले, लक्ष दिलं, कौतुक केलं, एवढ्यानेही मुलं खुलतात. नाटकाच्या गटाला हे सगळं मिळतं, फक्त संगीत मिळत नाही. अशा गटाला ‘सक्रिय नियंत्रित गट’ म्हणतात. गंमत म्हणजे सामाजिक वागणुकीत सुधारणा दिसली ती नाटकाच्या मुलांत, संगीताच्या नाही.

एका अभ्यासावर थांबायचं नसतं. २०२० मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांद गोबे यांनी ५४ अभ्यास, ६,९८४ मुलं एकत्र घेतली. सरासरीत छोटा फायदा दिसला. पण ज्या अभ्यासांत गट यादृच्छिक पाडले होते आणि सक्रिय नियंत्रित गट होता, त्यांत तो जवळजवळ शून्यावर आला. थोडक्यात, अभ्यासाचा आराखडा जितका कडक, तितका परिणाम लहान. दोन वर्षांनी एमानुएल बिगां आणि बार्बरा टिलमान यांनी तीच माहिती पुन्हा तपासून, काही निर्णय वेगळे घेतले तर लहानसा फायदा उरतो असं मांडलं. वाद चालू आहे. पण वाद ‘शून्य की थोडासा’ असा आहे, ‘प्रचंड’ असं यात कोणीच म्हणत नाही.

आता सिनेमाकडे वळा. मेरी क्लॅरेन्समुळे मुलांचे गणिताचे गुण वाढले असं सिनेमा कुठेच दाखवत नाही! तो दावा आपण घरून घेऊन गेलो होतो.

प्रश्न दुसरा : गाण्याने वर्ग माणसात येतो का?

सिनेमाचा खरा जीव इथे आहे. पहिल्या दिवशी एकमेकांची टर उडवणारी पोरं पुढे एकमेकांचा सूर धरून उभी राहतात. असं प्रत्यक्षात होतं का?

दोन मोठे अभ्यास बघू. पहिला अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा. संगीत, नाटक, नृत्य, चित्रकला यांचे उपक्रम शाळांना द्यायचे होते, पण साधनं सगळ्यांना पुरणारी नव्हती. मग इच्छुक ४२ शाळांत सोडत काढली. निम्म्यांना उपक्रम मिळाले, निम्म्यांना नाही. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिदा यांनी १०,५४८ विद्यार्थ्यांची माहिती तपासली. उपक्रम मिळालेल्या शाळांत शिस्तभंगाच्या नोंदी ३.६ टक्के-अंकांनी कमी झाल्या, लेखनाच्या परीक्षेचे गुण प्रमाण विचलनाच्या ०.१३ इतके वाढले, दुसऱ्याबद्दलची सहानुभूती ०.०८ इतकी वाढली. आकडे छोटे वाटतात, पण हा हजारो मुलांवरचा सरासरी फरक आहे आणि सोडतीमुळे त्यावर बराच विश्वास ठेवता येतो. लक्षात घ्या, साधनं अपुरी असणं इथे संशोधकांच्या पथ्यावर पडलं. तुमच्या जिल्ह्यात एखादी योजना टप्प्याटप्प्याने राबवली जात असेल तर तिच्याकडे याच नजरेने बघा. ‘आधी कोणाला, नंतर कोणाला’ हे कसं ठरलं, हा प्रश्न विचारा.

दुसरा अभ्यास व्हेनेझुएलाचा. १९७५ मध्ये होसे आंतोनियो आब्रेउ यांनी सुरू केलेली ‘एल सिस्तेमा’ ही वाद्यवृंदांची चळवळ जगभर गाजली. गरीब मुलांना संगीतातून वर काढणारी योजना अशी तिची ओळख. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी १६ केंद्रांत अर्ज केलेल्या ६ ते १४ वयाच्या २,९१४ मुलांना सोडतीने दोन तुकड्यांत विभागलं. काहींना प्रवेश २०१२ मध्ये, बाकीच्यांना एक वर्षाने. एकूण २६ मुख्य गोष्टी मोजल्या. पूर्ण नमुन्यात फरक दिसला तो दोनांत : आत्मनियंत्रण वाढलं, वागण्यातल्या अडचणी कमी झाल्या. कमी शिकलेल्या आयांच्या मुलांत आणि घरी-दारी हिंसा पाहिलेल्या मुलग्यांत परिणाम जास्त होता.

यातून दोन धडे घ्या. एक : २६ गोष्टी मोजल्या की एखाद-दुसरी निव्वळ योगायोगानेही ‘सार्थ’ निघू शकते. म्हणून मोजलेल्या सगळ्या गोष्टी सांगायच्या, फक्त जुळलेल्या नाही. या अभ्यासाने ते सांगितलं म्हणून तर आपल्याला निकालाचं वजन करता येतं. दोन : अर्ज केलेल्या मुलांतलं गरिबीचं प्रमाण १६.७ टक्के होतं, तर ती मुलं ज्या राज्यांतून आली तिथे ते ४६.५ टक्के होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना, ती मुलं दारापर्यंत पोचतच नव्हती.

रीटाची आठवण झाली का? तिलाही दारापर्यंत पोचणं अवघड होतं. आवाज होता, आईची परवानगी नव्हती. आईचं म्हणणंही खोटं नाही. गाण्याने पोट भरत नाही हे तिने नवऱ्याच्या उदाहरणात पाहिलंय. सिनेमा खोट्या सहीने ही गाठ सोडवतो. पण तुमच्या क्षेत्रकामात ज्या मुलीला सही मिळाली नाही ती तुमच्या नमुन्यात येतच नाही. ‘संगीत वर्गातल्या मुली अधिक आत्मविश्वासी आढळल्या’ असं लिहिण्याआधी विचारा : आत्मविश्वास नसलेल्या, परवानगी नसलेल्या मुली वर्गात आल्या होत्या का? याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात.

लॉरिन हिलचंही तेच. १९९८ मध्ये तिचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा अल्बम आला आणि १९९९ मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले. ‘बघा, गायनवृंदातल्या मुली कुठे पोचतात’ म्हणून हे उदाहरण देणं मोहाचं आहे. पण ती आवाज घेऊनच सिनेमात आली होती, म्हणून तर निवडली गेली.

प्रश्न तिसरा : शाळा बंद का पडत होती?

माझ्या मते या सिनेमातला संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात सुपीक प्रश्न हाच, आणि याच्यावरच कोणी थांबत नाही. उपायाचं मूल्यमापन करण्याआधी रोग काय होता ते बघावं लागतं.

अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यावर कॅथलिक शाळा सुमारे १३,००० होत्या आणि त्यांत सुमारे ५२ लाख मुलं शिकत होती. १९९० पर्यंत शाळा सुमारे ८,७०० उरल्या आणि मुलं सुमारे २५ लाख. पटसंख्या निम्म्याहून खाली. या काळात मुलं अचानक बेशिस्त झाली म्हणून हे घडलं नाही.

कारणं अशी. गोरी कॅथलिक कुटुंबं शहरांमधून उपनगरांत राहायला गेली आणि शहरातल्या शाळा मागे राहिल्या. दुसरं कारण सिनेमात आपल्या डोळ्यांसमोरच असतं, पण दिसत नाही : नन्स. या शाळांचं अर्थकारण उभं होतं ते नाममात्र मोबदल्यावर शिकवणाऱ्या नन्सच्या बळावर. १९६५ मध्ये अमेरिकेत सुमारे १,८०,००० नन्स होत्या, १९९० पर्यंत त्या लाखाच्या आसपास आल्या, आणि उरलेल्यांचं वयही वाढत गेलं. त्यांच्या जागी पगारी शिक्षक नेमावे लागले. पगार वाढले म्हणून फी वाढली, फी वाढली म्हणून गरीब घरातली मुलं गळाली, पट घसरला, आणि उरलेल्यांवर फीचा बोजा आणखी वाढला. फेरा पूर्ण झाला.

सेंट फ्रान्सिसमध्ये वर्गावर नन्स आहेत. म्हणजे १९९३ च्या मानाने ती शाळा नशीबवानच म्हणायची! तरीही ती बंद होतेय.

एक सावधगिरी. कॅलिफोर्नियातल्या शाळांमधलं संगीत बंद पडण्याबद्दल वाचायला लागलात की ‘प्रपोझिशन १३’ हे नाव भेटेल. १९७८ च्या या मतदानाने मालमत्ता कर ठरवलेल्या मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला. सरकारी शाळांचं स्थानिक उत्पन्न आटलं आणि कात्री कला-संगीतावर चालली. ही गोष्ट खरी आहे, पण ती सरकारी शाळांची आहे. कॅथलिक शाळा त्या करावर चालत नव्हती. राज्य एक, दशकं तीच, अडचण दिसायला सारखी, पण कारणाची साखळी वेगळी. साहित्याचा आढावा घेताना अशी ‘जवळची पण दुसऱ्याची’ कारणं आपल्या प्रश्नाला चिकटवली जातात. तिथे जपायला हवं.

आता स्पर्धा जिंकल्याने यातलं काय बदललं? नन्सची संख्या वाढली नाही, फी कमी झाली नाही, कुटुंबं उपनगरांतून परत आली नाहीत. बदलली एकच गोष्ट : निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेतली शाळेची किंमत. हीसुद्धा खरी यंत्रणा असू शकते. शाळा बंद करणं हा हिशेबाचा निर्णय असतो तसा प्रतिष्ठेचाही असतो. पण ती यंत्रणा तपासायची तर मुलांची चाचणी घेऊन भागणार नाही. शाळा बंद करण्याचे निर्णय कोण, कोणत्या बैठकीत, कोणते आकडे समोर ठेवून घेतं ते बघावं लागेल. बंद झालेल्या आणि वाचलेल्या, दोन्ही प्रकारच्या शाळा नमुन्यात घ्याव्या लागतील. फक्त वाचलेल्या घेतल्या तर प्रत्येक वाचलेल्या शाळेत काहीतरी सुंदर सापडेलच. एकीत गायनवृंद, दुसरीत क्रिकेट, तिसरीत बाग. बंद पडलेल्या शाळांतही बाग असू शकते, पण ती बघायला कोणी जात नाही.

सिनेमातल्या ‘ओ हॅपी डे’ या गाण्याचा इतिहासही हाच धडा देतो. एडविन हॉकिन्स यांनी बांधलेली ही चाल १९६० च्या दशकाच्या शेवटी, सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या बर्कलीमधल्या एका चर्चमध्ये, तरुणांच्या गायनवृंदाने ध्वनिमुद्रित केली. हेतू साधा होता : वृंदासाठी पैसे उभे करणं. प्रती काढल्या ५००. त्यातली एक रेडिओवर पोचली आणि १९६९ मध्ये गाणं अमेरिकाभर, मग जगभर गाजलं. असं घडू शकतं, याचा हा पुरावा आहे. असं सहसा घडतं, याचा मात्र नाही. ज्या वृंदांच्या ५०० प्रती घरोघरी धूळ खात पडल्या त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

प्रश्न चौथा : शाळा गेली तर काय जातं?

समजा सेंट फ्रान्सिस बंद झाली असती. मुलं दुसऱ्या शाळेत गेली असती. नुकसान एवढंच का?

मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट यांचं २०१४ चं ‘लॉस्ट क्लासरूम, लॉस्ट कम्युनिटी’ हे पुस्तक याच प्रश्नावर आहे. त्यांनी प्रामुख्याने शिकागोतल्या बंद झालेल्या कॅथलिक शाळांच्या आसपासच्या वस्त्या पाहिल्या. शाळा बंद झालेल्या भागांत अव्यवस्था वाढल्याचं आणि लोकांमधला एकोपा कमी झाल्याचं दिसलं. त्या काळात शहरभर गुन्हे कमी होत होते, पण या भागांत ते हळू कमी झाले.

तुम्ही लगेच म्हणाल, आणि म्हणायलाच हवं : वस्ती आधीच खालावत असेल, म्हणून शाळा बंद पडली आणि म्हणूनच गुन्हे राहिले. बरोबर. हा पेच सोडवण्यासाठी त्यांनी बंद होण्याचं असं कारण शोधलं ज्याचा वस्तीच्या गरिबीशी थेट संबंध नाही : चर्चच्या धर्मगुरूच्या नेमणुकीतले किंवा कारभारातले घोळ. धर्मगुरू शाळेच्या पाठीशी नीट उभा नसेल तर शाळा बंद पडण्याची शक्यता वाढते, पण त्यामुळे गल्लीतले गुन्हे थेट वाढायचं कारण नाही. अशा आडवाटेच्या कारणाचा आधार घेऊन कार्यकारणभाव शोधण्याच्या पद्धतीला ‘साधन चल’ पद्धत म्हणतात. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ती रुक्ष वाटते. इथे ती मिस्टर क्रिस्प यांच्यासारख्या माणसात दिसते : मुलांच्या गुणांशी, वस्तीच्या गरिबीशी घेणंदेणं नसलेला, पण शाळेचं भवितव्य ठरवणारा घटक.

मग तुमच्या शीर्षकाचं काय करायचं?

महाराष्ट्रात हा विषय लांबचा नाही. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करायच्या का, यावर २०२३ पासून रान उठलं आहे. तुमच्यातले काही जण त्याच शाळांत शिकलेले किंवा शिकवत असणार. या विषयावर प्रस्ताव लिहिताना ‘आमच्या शाळेतला उपक्रम किती छान आहे’ हे सिद्ध करायची ओढ लागते, कारण शाळा वाचवायची असते. ओढ समजण्यासारखी आहे. पण शाळा पटामुळे बंद होत असेल आणि तुम्ही गुण मोजत असाल, तर उत्तम आलेला निष्कर्षही तिच्या उपयोगी पडणार नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका कागदावर हे उतरवा :

• दाव्याची फोड करा. ‘परिणाम’ या एका शब्दात किती दावे लपलेत ते मोजा आणि एकच निवडा.
• एकक लिहा. मूल, वर्ग, शाळा की गाव? नमुना त्या एककात मोजा.
• तुलना लिहा. ‘हे झालं नसतं तर काय झालं असतं’ याचं उत्तर तुमच्या आराखड्यात कोण देणार?
• दार तपासा. तुमच्या नमुन्यात कोण येऊच शकत नाही?
• रोग आधी. उपाय मोजण्यापूर्वी अडचणीची कारणसाखळी एका परिच्छेदात लिहून काढा. उपाय त्या साखळीतल्या कोणत्या कडीला हात घालतो?
• मोजलेलं सगळं सांगा, न जुळलेलंही.

एवढं केलं की सुरुवातीचं शीर्षक आपोआप आकसतं. उदाहरणार्थ : ‘कमी पटाच्या शाळांत आठवड्याला दोन तास समूहगायन सुरू केल्याने सहावी-सातवीच्या मुलांच्या गैरहजेरीत फरक पडतो का? तेवढाच वेळ खेळ मिळालेल्या शाळांशी तुलना.’ भारदस्तपणा गेला. पण आता समितीने ‘म्हणजे नक्की काय?’ विचारलं तर उत्तर शीर्षकातच आहे.

आणि संगीताचं काय? मला वाटतं या सगळ्या अभ्यासांमधून त्याची बाजू कमजोर होत नाही, उलट मोकळी होते. गणिताचे गुण वाढवून दाखवण्याच्या आणि शाळेचा ताळेबंद सावरण्याच्या ओझ्यातून ते सुटतं. एखाद्या पोरीला आपला आवाज सापडणं ही मोजायला कठीण पण खरी गोष्ट आहे, आणि तिची किंमत बुद्ध्यंकात भरून द्यायची गरज नाही. खेळाचा तास गुणांसाठी ठेवतात का? मग गाण्याकडूनच ही पावती का मागायची? शाळा वाचवायची असेल तर पट, पगार आणि निर्णय घेणारी माणसं यांचा अभ्यास करा. गाणं शिकवायचं असेल तर गाण्यासाठी शिकवा. दोन्ही करण्यासारखं आहे, फक्त एकाच प्रबंधात कोंबू नका.